कसारा घाटात तापलेले इंजिन: हेडपुरते काम, पूर्ण इंजिन की जुने इंजिन?

आपण लिहिलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. गेल्या वर्षी आपण २०१२ सालचा टाटा १६१३ मालट्रक विकत घेतला. या गाडीला सहा सिलिंडरचे ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन आहे. मे महिन्यात भिवंडीहून माल भरून नाशिककडे येताना कसारा घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, थोड्या वेळाने तो आपोआप खाली आला म्हणून चालकाने गाडी तशीच ओढली आणि घाटमाथ्याच्या अलीकडे इंजिन जड होऊन बंद पडले. अर्ध्या तासाने थंड पाणी ओतल्यावर ते सुरू झाले, परंतु आता पांढरा धूर येतो आणि पाणी कमी होते. एका मिस्त्रींनी हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवून गॅस्केट (हेडखालची सांधपट्टी) बदलण्याचे ४५ हजार सांगितले, दुसऱ्यांनी पूर्ण इंजिनाचे पावणेदोन लाख, तर तिसरे सव्वा लाखात भंगारातील चालू इंजिन बसवून द्यायला तयार आहेत. यांपैकी काय करावे, असा आपला प्रश्न आहे.

माझे मत असे की आज यांपैकी काहीच ठरवू नये. तिन्ही आकडे इंजिनाला पाना न लावता सांगितलेले आहेत, आणि तापलेल्या इंजिनाचे नुकसान बाहेरून दिसत नाही. हेडच्या जोडापर्यंतच इजा झाली आहे की ती खाली पिस्टन, बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडे) आणि बेअरिंगपर्यंत गेली आहे, हे आधी कळले पाहिजे. ते कळेपर्यंत पुढच्या एका पायरीपुरताच खर्च मान्य करावा.

आपल्या हकीकतीत मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे काटा आपोआप खाली येणे. चालकाला वाटले की इंजिन थंड झाले. प्रत्यक्षात तापमान मोजणारा संवेदक पाण्यात बुडालेला असेल तोपर्यंतच त्याचे सांगणे खरे असते. पाणी उकळून बाहेर फेकले गेले की तो वाफेत किंवा कोरड्या पोकळीत उघडा पडतो, आणि भोवतालचे लोखंड कितीही तापले तरी काटा खाली उतरू शकतो. म्हणजे काटा उतरला तेव्हापासून आपले इंजिन बहुधा पाण्याशिवाय चालले. म्हणून काटा कुठे उतरला, गाडी कुठे थांबली आणि मधले अंतर कोणत्या गिअरमध्ये कापले, हे चालकाला शांतपणे, चहा पाजून विचारा. रागावून विचारले तर उत्तर हमखास ‘लगेच थांबवली’ असे येते. ते अंतर दोनशे मीटर असेल तर आशा आहे, दोन किलोमीटर असेल तर पहिल्या मिस्त्रींचा अंदाज मी बाजूला ठेवेन. त्यात इंजिन जड होऊन बंद पडले, ही खूण चांगली नाही. ॲल्युमिनियमचा पिस्टन ओतीव लोखंडाच्या ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या) जवळजवळ दुपटीने प्रसरण पावतो, त्यामुळे तो बोअरमध्ये आवळला जातो. थंड झाल्यावर तो सुटतो आणि इंजिन पुन्हा चालू होते, परंतु भिंतीवर उमटलेला ओरखडा तसाच राहतो.

आता गाडी पुन्हा स्टार्टर मारून पाहू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) वाकतो. सहाही इंजेक्टर काढून घ्यावेत आणि फ्लायव्हीलकडून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. एखाद्या भोकातून पाणी उडाले तर तो सिलिंडर सापडला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा ऑइल चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा) बोल्ट हळूच सैल करून पहिले थेंब काचेच्या बाटलीत धरावेत. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते आधी बाहेर येते. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून पाहावा. चुंबकाला न चिकटणारी रुपेरी चमक म्हणजे बहुधा पिस्टनचे ॲल्युमिनियम, तांबूस चमक म्हणजे बेअरिंगचा वरचा थर झिजून आतला थर उघडा पडला आहे. या तपासण्यांना एका दिवसापेक्षा जास्त वेळ लागत नाही, आणि कोणी त्यांना ‘कशाला हवे, उघडल्यावर दिसेलच’ म्हणत असेल तर त्याच्याकडे काम देण्याविषयी पुन्हा विचार करावा.

पांढऱ्या धुराबद्दल एक सावधगिरी. पाण्याची वाफ आणि न जळलेले डिझेल हे दोन्ही पांढरेच दिसतात. डोळे चुरचुरत असतील आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर दोष कमी कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा पुरेशी दाबली न जाण्याचा, असू शकतो. त्याचप्रमाणे तेलात पाणी किंवा पाण्यात तेल दिसले म्हणून थेट हेडवर खापर फोडू नये. या इंजिनाचा ऑइल कूलर फिल्टरच्या मागे, ब्लॉकच्या बाजूलाच बसवलेला असतो आणि त्याचा गाभा फुटला तर इंजिन चालू असताना तेलाचा दाब जास्त असल्यामुळे तेल पाण्यात जाते. हेड दोनदा उतरवूनही तेलकट पाणी थांबले नाही आणि शेवटी कूलर बदलल्यावर थांबले, अशा गाड्या मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पाहिल्या आहेत. कूलंटच्या बाजूला हातपंपाने रेडिएटरच्या टोपीच्या दाबाइतकी हवा भरून तासभर ठेवणे आणि सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजणे, या दोन चाचण्या त्यासाठीच आहेत. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधले गॅस्केट गेले असण्याची शक्यता मोठी. सगळेच कमी असतील किंवा ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातील हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोराने वारा येत असेल तर पिस्टनभोवतीच्या रिंगांकडे बोट जाते.

यानंतर हेड उतरवणे तर आलेच. या इंजिनाला सहाही सिलिंडर मिळून एकच लांब ओतीव लोखंडी हेड आहे. ओतीव लोखंड ॲल्युमिनियमइतके वाकत नाही, परंतु त्याला तडे जातात, आणि तापलेल्या हेडवर थंड पाणी ओतणे हा तडा पाडण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे. म्हणून नुसती सरळपट्टी आणि फीलर गेज लावून ‘हेड सरळ आहे’ म्हणणे पुरेसे नाही. हेडची पाण्याची तोंडे बंद करून, आत हवा भरून, ते गरम पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले पाहिजेत, विशेषतः दोन वॉल्व्ह सीटांच्या मधल्या अरुंद पुलाजवळ. ही चाचणी झाल्याशिवाय लेथवर फेसिंगला (हेडचा तळ कापून सपाट करण्याला) पैसे देऊ नका. फेसिंग करावेच लागले तर कमीत कमी करावे. डिझेलच्या या सपाट हेडमध्ये ज्वलनाची वाटी पिस्टनमध्ये असल्यामुळे कॉम्प्रेशन फारसे बदलत नाही, पण वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि इंजेक्टरचे टोक जास्त बाहेर डोकावते, म्हणून सीटची खोली आणि इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वायसरची जाडी पुन्हा जुळवावी लागते. ब्लॉकचा माथा कापला तर मात्र पिस्टन किती वर येतो ते मोजून जाड गॅस्केट वापरावे लागते.

हेड बाजूला झाल्यावर टॉर्च घेऊन स्वतः बोअरमध्ये पाहा, कारण खरा निर्णय तिथेच होतो. भिंतीवर होनिंगच्या (बोअर दगडाने घासण्याच्या कामाच्या) तिरक्या रेषा शाबूत असतील, उभे ओरखडे नसतील आणि फिल्टर स्वच्छ असेल तर हेड, गॅस्केट आणि कूलिंगचे काम करून गाडी रस्त्यावर आणण्यास हरकत नाही. ओरखड्यावरून फिरवलेले नख अडकत असेल तर वरवर होनिंग करून नव्या रिंग घालणे म्हणजे फक्त तारीख पुढे ढकलणे होय. या इंजिनाला वेगळे लायनर (बोअरमध्ये बसवलेल्या, बदलता येणाऱ्या नळ्या) नसतात, बोअर थेट ब्लॉकमध्येच कापलेले असते, त्यामुळे ‘लायनर-पिस्टन किट टाकून देतो’ असे सरळ सांगणारा मिस्त्री हे इंजिन ओळखतो का, ही शंका घ्यावी. येथे पर्याय दोनच: अर्धा किंवा एक मिलिमीटर मोठ्या मापाचे पिस्टन घेऊन बोअरिंग करणे, अथवा खराब सिलिंडरला स्लीव्ह (आतून बसवायची नळी) ठोकून मूळ मापावर आणणे. जुन्या मालकाने आधीच एक मिलिमीटरचे बोअरिंग करून घेतलेले असेल तर स्लीव्हशिवाय मार्ग नाही. पिस्टनच्या माथ्यावर माप कोरलेले असते, ते वाचावे. चेंबर खाली उतरवून एक-दोन कनेक्टिंग रॉडची आणि क्रँकशाफ्टला आधार देणारे एखादे मेन अशी बेअरिंग उघडून पाहावीत, आणि पिस्टनच्या पोटावर तेल फवारणारे नोझल मोकळे आहेत ना तेही तपासावे.

आपल्या वर्णनावरून माझा कल असा आहे की हेडपुरते काम पुरणार नाही. रिंगांचा ताण कोरड्या उष्णतेने गेला तर ते डोळ्यांना दिसत नाही. वर घट्ट नवे हेड आणि खाली मेलेल्या रिंग अशी जोडी झाली की महिनाभरात गाडी तेल प्यायला लागते आणि हेडचे काम वाया जाते. तरीही कॉम्प्रेशन आणि बोअर यांनी माझा कल खोटा ठरवला तर मला आनंदच होईल.

जुन्या इंजिनाचा प्रस्ताव मी शेवटी ठेवेन. त्याचे बोअर किती वेळा कापले आहे, ते का काढले गेले, हे विकणारा सांगत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यावर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंद करून घ्यावी लागते. ज्या इंजिनाचे कायदेशीर बिल नाही ते कितीही गुळगुळीत चालत असले तरी फिटनेसच्या वेळी गाडी अडकवते. ब्लॉकलाच तडा असेल तरच, आणि चालू अवस्थेत, थंड स्थितीतून सुरू करून दाखवले तरच तो विचार करावा.

इंजिन का तापले, याचे उत्तर या तिन्ही दरांत कुठेच नाही. माझ्याच गाडीचे उदाहरण देतो. करूळ घाटातून गगनबावड्याकडे चढताना ती तापली, हेड गेले, आम्ही हेड केले, आणि तीन आठवड्यांनी त्याच घाटात पुन्हा तापली. रेडिएटर साफ होता, पंप नवा होता. शेवटी कळले ते असे की रेडिएटरच्या खालच्या होजचे (रबरी नळीचे) आतले अस्तर सुटले होते, आणि इंजिनाचे फेरे वाढले की पंपाच्या ओढीने तो होज आत चपटा व्हायचा. गॅरेजमध्ये निवांत चालणाऱ्या इंजिनावर तो ठणठणीत गोल दिसायचा. काही शेकड्यांच्या होजने माझे दुसरे हेड खाल्ले.

आपल्या गाडीत थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) आहे का, हे सर्वांत आधी पाहा. गाडी तापते म्हणून तो काढून फेकण्याची आपल्याकडे रीत आहे. या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, म्हणून तो नसला की पाण्याचा काही भाग रेडिएटरला न भेटताच गरम गरम परत फिरतो. रेडिएटरची टोपीही नवी घ्या. ०.७ बार दाब धरणारी टोपी असेल तर पाणी सुमारे ११५ अंशांपर्यंत उकळत नाही, तीच सैल असेल तर शंभरच्या आतबाहेर उकळून घाटात बाहेर पडते. बोअरवेलच्या पाण्याचा क्षार, जाळीत बसलेला चिखल, पंख्याभोवतीचे गायब झालेले कडे, घसरणारा बेल्ट, हे तर नेहमीचेच.

जोडणीच्या वेळी २६ हेड बोल्टांची लांबी मोजून ताणलेले बाद करावेत, भोकांतील तेल-पाणी हवेने उडवावे आणि पुस्तिकेतील क्रमाने, टॉर्क रेंच आणि शेवटचा अंशांचा वळसा वापरून ते आवळावेत. ‘हाताला कळते’ हे उत्तर येथे स्वीकारू नये. टॅपेटची (वॉल्व्हवरची) फट थंड इंजिनावर इनलेटला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५० मिलिमीटर ठेवावी.

चालकाने सांगितलेले अंतर, कापलेल्या फिल्टरचा उजेडात काढलेला फोटो आणि सहा सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे कळवा. हेड उतरवण्याआधी एवढे हाती आले तर पावणेदोन लाखांपैकी किती खर्च खरोखर अटळ आहे, हे बरेच नेमके सांगता येईल.