हाडं दुखतात म्हणणाऱ्याला घाईत काढू नकोस

बाळा,

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर, समुपदेशक म्हणून रुजू झालीस, फार बरं वाटलं. गोळ्या मोजणं, रजिस्टर भरणं तुला आठवड्याभरात जमेल. मला सांगायचंय ते वेगळं आहे. एखादा पेशंट ‘मॅडम, मांड्या भरून येतात, जिना चढवत नाही’ म्हणाला, तर ते वयावर किंवा कष्टावर ढकलू नकोस.

तो उठताना बघ. हात गुडघ्यांवर रेटून उठतोय का? चालताना बदकासारखा डुलतोय का? तसं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांसमोर बसव.

आपल्या रोजच्या एकत्रित गोळीत 300 मिलिग्रॅम टेनोफोव्हिर हे एचआयव्हीविरोधी औषध असतं. ते सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता थोडी उतरते, बहुतेकांची पुढे तिथेच स्थिरावते. काही थोड्यांच्या मूत्रपिंडातल्या नलिका मात्र दुखावतात. हाडांना लागणारं फॉस्फेट लघवीवाटे निघून जातं, हाडं मऊ पडतात आणि कुठे न पडता-आपटताही खुब्याला किंवा बरगडीला बारीक तडा जातो. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची नेहमीची रक्ततपासणी, सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतं, त्यावर निर्धास्त होऊ नये. फॉस्फेटची तपासणी हवीच. रक्तातली साखर ठीक असून लघवीत साखर सापडली, तर ती मोठी खूण समज.

आणि एक विचारच: दुखण्यावर काय घेता? मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी कित्येकांची महिनोन्महिने चालू असते, आणि ती त्याच मूत्रपिंडावर ताण आणते. केसपेपरवर हे कधीच लिहिलेलं नसतं. कुणी कॅल्शियम सुरू केलं असेल तर उपाशीपोटी डोल्युटेग्रॅव्हिरसोबत (आपल्या एकत्रित गोळीतलं दुसरं औषध) घेऊ नका म्हणावं. दोन्ही एकत्र घ्यायचीच तर जेवणाबरोबर.

मला घोर आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. हे सगळं ऐकून माणूस घाबरतो आणि गोळीच सोडतो. मग विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, आणि हिपॅटायटिस बी सोबत असेल तर लिव्हरचा आजार उसळून जिवावर बेततं. म्हणून आधी शांतपणे सांग, ‘गोळी बंद करायची नाही, गरज पडली तर डॉक्टर बदलून देतील.’ पर्याय आहेत: अबॅकॅव्हिर आहे, 25 मिलिग्रॅमचं टेनोफोव्हिर अलाफेनामाइड हे टेनोफोव्हिरचंच दुसरं रूप आहे, त्यात रक्तात उतरणारं टेनोफोव्हिर खूपच कमी असतं. वेळेत बदल झाला तर फॉस्फेट सहसा भरून येतं, दुखणंही हळूहळू ओसरतं. तोवर त्याला ओझं उचलू देऊ नकोस, आणि पुढची तारीख महिन्याची न देता पंधरवड्याची दे.

तुझी मॅडम