लष्कराच्या लिलावातला जुना निसान वन टन शेतासाठी घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की चंदगडकडे असा एक ट्रक विकायला आहे, तो इकडे कर्नाटकात, बेळगावच्या खानापूर तालुक्यात शेतावर वापरायला आणावा का. जांबोटीच्या बाजूला मी सहा वर्षं असाच एक सांभाळतोय. इंजिनाचा आवाज ऐकून भाळू नका, आधी कागद मागा.

लष्कराच्या जुन्या गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतात. आजवर काही चालवायला म्हणून विकल्या गेल्या, काही नुसतं भंगार म्हणून. भंगारातली असेल तर पासिंग विसरा. डेपोचा विक्रीचा कागद बघा, आणि चासीवरचा मळ घासून नंबर आरसीशी जुळतो का तेही स्वतः बघा. गाडी एमएच ०९ असेल तर कायमची इकडे ठेवायला कोल्हापूर आरटीओची एनओसी आणून १२ महिन्यांत बेळगावचा केए २२ नंबर घ्यावा लागतो, वर इकडचा टॅक्स. जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस आहेच. आणि तो लष्करी हिरवा रंग? तो नागरी गाडीला चालत नाही, कायद्यानंच मनाई आहे. बेळगावात कॅम्पातून, म्हणजे लष्करी छावणीतून, जाताना तो रंग बघत वाढलेल्या माणसाला हे जड जातं. मी माझी गाडी राखाडी केली, अजून मन मानत नाही.

पेट्रोलचं म्हणाल तर ३,९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, लिटरला तीन-चार किलोमीटर मिळाले तर देवाला नारळ. हा ट्रक जबलपूरच्या कारखान्यातला, तिथल्याच जोंगा या लष्करी जीपला हेच इंजिन, त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग तिकडून जुळतात. बुश, पिन असलं काही मिळालं नाही तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याकडे नमुना नेऊन टाका, करून देतात. डिझेल इंजिन बसवलेली गाडी असेल तर आरसीवर तशी नोंद हवी.

वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं लोखंड टिकतं, रबर मरतं. मी पहिल्याच आठवड्यात ब्रेकची सगळी रबरं आणि रेडिएटरचे पाइप बदलले. आमचा मेस्त्री म्हणाला, "गाडी बिघडत न्हाई, खरं ग्रीस लई मागते." जॉइंटचे क्रॉस, किंगपिन, कमानीचे पिन, सगळ्यांना पावसाळ्यात दर आठवड्याला ग्रीस.

चालवायचं म्हणाल तर माझी एक चूक सांगतो. पहिल्या जुलैत शेतातल्या चिखलातून फोर व्हील लावून, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देऊन, बाहेर आलो आणि लिव्हर मागे घ्यायचं विसरून डांबरी रस्त्यानं पाच किलोमीटर गेलो. स्टेअरिंग दगडासारखं झालं, लिव्हर दोन्ही हातांनी ओढली तरी हलेना. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून हिशोब मिटवतात, डांबर घसरू देत नाही, मग सगळा पीळ शाफ्टात साठतो. मेस्त्रीला फोन केला. "मागं घ्या, सरळ, हळू." वीसेक फूट रिव्हर्स घेतली, खालून टक् असा आवाज आला आणि लिव्हर लोण्यातून आल्यासारखी सुटली.

बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर आणि न सांगता जा. बॉनेट कोमट लागलं तर इंजिन थंड असताना गाडी सुरू होत नाही, म्हणूनच आधी तापवून ठेवलीय असं समजा आणि भाव त्या हिशोबानं करा.