पायाने चालणारा लेथ: आधी दोरीवाला करा, फ्लायव्हील नंतर

तुमचा प्रश्न असा आहे की मोटर न लावता पायाने चालणारा लाकडाचा लेथ करायचाय, त्याला सायकलचं चाक फ्लायव्हील म्हणून चालेल का, आणि पडून असलेलं जुनं सुकं लाकूड त्यावर कातता येईल का. दोन्हीला माझं उत्तर "आत्ता नको" असं आहे, का ते सविस्तर सांगतो.

सायकलचं चाक फिरतं छान, पण वजनाला हलकं. फ्लायव्हीलचं काम म्हणजे पाय वर येत असताना साठवलेला जोर लाकडाला देत राहणं, आणि हलकं चाक पटाशी जरा रुतली की जागीच थांबतं. मग रिमवर वजन चढवा, ते सगळीकडे सारखं बसवा, क्रँक (पायाच्या वर-खाली हालचालीने चाक फिरवणारा वाकडा दांडा) करा, शाफ्ट सरळ मिळवा, बेअरिंग, पट्टा... महिने जातात आणि लाकडाला हात लागलेलाच नसतो. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्ये पायाने दाबायचं पॅडल, क्रँक आणि फ्लायव्हील असलेल्या लेथचं चित्र आहे, म्हणजे ही कल्पना ५०० वर्षांहून जुनी. तरीही इंग्लंडच्या चिल्टर्न टेकड्यांमधले खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साध्या दोरीच्या लेथवरच काम करत होते, कारण तो जंगलात जागेवर उभा करता येतो आणि त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

या दोरीच्या लेथची रचना अशी. दोन जाड पट्ट्या समांतर, मध्ये साधारण ५ सेंमी फट, हा झाला बेड. फटीतून खाली उतरणारे दोन जाड ठोकळे, खालून पाचर मारून घट्ट केलेले, एक सरकवता आला पाहिजे. दोन्ही ठोकळ्यांत समोरासमोर एकेक जाड बोल्ट, टोकाला ६० अंशाच्या आसपास घासून अणकुचीदार केलेला. या दोन टोकांमध्ये लाकूड अडकतं. टोकांची उंची उभं राहिल्यावर तुमच्या कोपराएवढी ठेवा, कमी ठेवलीत तर तासाभरात कंबर बोलायला लागेल. टोकांना थोडं ग्रीस लावत राहा. वर लवचिक बांबू किंवा दोन खांबांमध्ये ताणलेली सायकलची जुनी ट्यूब, खाली फळीचं पॅडल, आणि दोघांना जोडणारी दोरी जिचे दोन वेढे लाकडाला घातलेत. पाय दाबला की लाकूड फिरतं, सोडला की ट्यूब दोरी परत ओढते.

पुष्कळ जण अडतात ते वेढ्याच्या दिशेला. दोरी खाली पॅडलकडे जाताना लाकडाच्या तुमच्याकडच्या बाजूने उतरली पाहिजे, मागच्या बाजूने नाही. तेव्हाच पाय दाबल्यावर लाकडाचा वरचा भाग तुमच्याकडे येतो आणि पटाशीच्या धारेवर उतरतो. उलटा वेढा पडला तर धार कितीही चांगली असो, पटाशी नुसती घासत राहते आणि माणूस धारेला दोष देत बसतो.

लाकूड उलटसुलट फिरतं म्हणजे अर्धा वेळ वाया, असं तुम्ही लिहिलंय. प्रत्यक्षात तसं वाटत नाही. पाय वर येताना पटाशी काढून घ्यायची नाही, टेकूवर (लाकडासमोरची पटाशी टेकवायची आडवी पट्टी) तशीच ठेवून फक्त केसभर मागे घ्यायची, थोड्या सरावाने हात ते आपोआप करतो. हिशोब बघा: लाकूड ४० मिमी व्यासाचं असेल तर घेर साधारण १२५ मिमी, दोरी ३० सेंमी ओढली गेली तर सव्वादोन-अडीच फेरे मिळतात. म्हणून दोरी पॅडलच्या लांबच्या टोकाला बांधा आणि पाय मध्यावर ठेवा, पाय १५ सेंमी खाली गेला की टोक ३० सेंमी जातं. जोर साधारण दुप्पट लागतो, पण फेरेही दुप्पट. टेकू लाकडाच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा.

आता लाकूड, खरा जीव याच्यात आहे. मोटरच्या लेथला वेग असतो, तुमच्याकडे नाही, म्हणून लाकूडच मऊ हवं, म्हणजे ओलं, ताजं तोडलेलं. ओंडका करवतीने न कापता पाचर घालून रेषेत फोडा, गाभा टाळा कारण गाभा असला की सुकताना हमखास भेग पडते, मग कुऱ्हाडीने आठ कोनी करून घ्या. हे नीट केलंत तर लेथवरचं निम्मं काम वाचतं. ओल्या लाकडावर धारदार गोल पटाशी चालवली की भुसा उडत नाही, लांब ओलसर रिबिनी निघतात आणि हातावर पाणी शिंपडल्यासारखं होतं, तो आनंद सुक्या लाकडात नाही! सुकं कठीण लाकूड पायाच्या जोरावर कातता येतं, पण सुरुवातीला तेच घेतलंत तर दमून सोडून द्याल.

ओलं लाकूड सुकताना सगळीकडे सारखं आकसत नाही, वाढीच्या वलयांच्या दिशेने आकसणं गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं, त्यामुळे गोल वस्तू किंचित अंडाकृती होते. मुठीला त्याने काही बिघडत नाही, उलट हातात बरी बसते. पण भोकात बसवायचं कुसू (सांध्यासाठी काढलेलं टोक) असेल तर ते जाडसर ठेवून सुकू द्या आणि मग मापाला आणा.

हत्यारं दोनच पुरे, एक गोल पटाशी आणि एक तिरकी. धार इतकी हवी की हातावरचा केस उडाला पाहिजे, आणि काम करताना मधून मधून दगडावर फिरवत राहा. तिरकी पटाशी चालवताना धारेचा मधला-खालचा भागच लाकडाला लागू द्या, वरचं टोक रुतलं की लाकूड खेचलं जातं. डोळ्यांवर चष्मा ठेवा, आणि दोरी झिजतेय का ते रोज बघा.

वाडग्यांचं नंतर बघू, त्याला लाकडात घट्ट बसणारा दांडा आणि आकडीसारखं वाकलेलं हत्यार लागतं. पहिलं काम म्हणून तुमच्या गोल पटाशीसाठी लांब मूठ काता. दोरीचे वेढे एका टोकाला ठेवून बाकीची मूठ करा, मग लाकूड उलटं लावून उरलेलं टोक. ट्यूब लावायला जागा कशी आहे, वर छत आहे की उघड्यावर, ते फोटोसकट टाका, त्यावरून खांबांची उंची सांगतो.