सफरमैना पलटणीतील आजोबांची पेटी

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ‘सफरमैना’ पलटणीत होते, असे माझी आजी सांगते. आजीने आता नव्वदी ओलांडली आहे. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत सहा टोकांच्या ताऱ्याच्या आकाराची दोन पदके, एक गोल पदक, घड्यांवर फाटत चाललेला लष्कराचा एक इंग्रजी कागद आणि खाकी गणवेशातील सात-आठ जणांचे एक छायाचित्र आहे. एका ताऱ्याची फीत तांबड्या, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांची आहे. आमचे घर धाब्याचे असल्याने वाळवीची भीती वाटते. म्हणून कागद लॅमिनेट करून आणि पदके घासून-पुसून एकत्र फ्रेम करावीत, असे घरात ठरत आहे. हे योग्य होईल का? आणि आजोबा तिकडे नेमके काय काम करत होते, हे आता कळू शकेल का?
— एक वाचक, पारोळा तालुका (जि. जळगाव)

उत्तर : फ्रेमचे काम कृपया थांबवावे. माझ्या वडिलांचा सैन्यातून सुटल्याचा दाखला मी स्वतः हौसेने एका दुकानात लॅमिनेट करून घेतला होता. काही वर्षांतच आतला कागद तपकिरी पडला, शिक्क्याची जांभळी शाई पसरली आणि प्लॅस्टिक सोडवायला गेले तर कागदच सुटून येऊ लागला. ते नुकसान भरून निघण्यासारखे नाही, म्हणून हे आग्रहाने लिहीत आहे. कागद सपाट उलगडून आधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे, चिकटपट्टी, स्टेपल किंवा टाचणी लावू नये आणि आम्लविरहित कागदाच्या पाकिटात तो आडवा ठेवावा. छायाचित्र कडांना धरूनच हाताळावे आणि त्याच्या मागे काही लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहावे. पेटी जमिनीवर न ठेवता भिंतीपासून थोडी दूर, लाकडी फळीवर ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी उघडून वाळवी किंवा कसर लागली नाही ना, हे पाहावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्रा तापतो, त्यामुळे पेटी माळ्यावर ठेवणे टाळावे.

पदके घासू नयेत, याचे कारण वेगळे आहे. हे तारे तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि त्यांच्यावर चढलेला काळपट थर ही घाण नसून धातूचे स्वाभाविक आवरण असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हिंदुस्थानी सैनिकांना दिलेल्या पदकांवर त्यांचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि दलाची आद्याक्षरे ठोकलेली असत. ती ताऱ्याच्या मागच्या बाजूला आणि गोल पदकाच्या कडेवर शोधावीत. खोलीत अंधार करून बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा टाकला, की पुसट अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. पॉलिशने घासल्यावर सर्वांत आधी झिजतात ती हीच अक्षरे, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची किल्ली त्यांतच आहे. तांबड्या, पांढऱ्या, हिरव्या फितीचा तारा हा ‘इटली स्टार’ असला पाहिजे. तो ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात इटलीच्या आणि लगतच्या आघाड्यांवर सेवा केलेल्यांना मिळाला.

‘सफरमैना’ हा ‘सॅपर्स अँड मायनर्स’चा आपल्या लोकांनी केलेला उच्चार. किल्ल्याच्या तटापर्यंत चर खणत जाणारा तो सॅपर आणि तटाखाली सुरुंग लावणारा तो मायनर. याच सफरमैनाचे, म्हणजे आजच्या सैन्याच्या इंजिनिअर दलाचे, तीन गट आहेत, मद्रासचा बंगळूरला, बंगालचा रुरकीला आणि बॉम्बे इंजिनिअर ग्रुप पुण्याजवळ खडकीला. खानदेशातून सफरमैनात गेलेला माणूस बहुधा या खडकीच्या गटातला असतो. या दलाचा इतिहास जपणे इतरांपेक्षा अवघड आहे, कारण त्यांचे काम यशस्वी झाले की त्याची खूणच उरत नाही. काढलेला सुरुंग कोणाला दिसत नाही आणि युद्धातला पूल पुढे मोडून दुसरीकडे नेला जातो. १९४१ च्या आरंभी आफ्रिकेतील अबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) सीमेवरचे मेतेम्मा घेतल्यानंतर इटालियन शत्रूचा पाठलाग करताना सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत सर्वांत पुढच्या गाडीतून चार दिवस, ५५ मैलांपर्यंत वाट मोकळी करत गेले आणि त्यांनी १५ सुरुंगक्षेत्रे शोधून साफ करून घेतली. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरचे सुरुंग आणि आडवी टाकलेली झाडे हटवून रणगाड्यांना वाट करून देणारे परमवीर चक्र विजेते सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हेही बॉम्बे सॅपर्सचेच, म्हणजे याच खडकीच्या गटाचे होते. या दोघांचे पराक्रम मानपत्रांत लिहिले गेले म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्यामागे गुडघ्यांवर बसून माती चाचपणाऱ्या जवानांचे काम मात्र बहुतेक वेळा कोणी लिहून ठेवले नाही, आणि ते लिहिण्याची संधी आज आपल्या घरात आहे.

म्हणून पदकांच्याही आधी आजीकडे वळावे. इटलीत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नद्यांवरचे पूल उडवून दिले होते आणि त्या जागी लोखंडी चौकटी जोडून उभारायचे ‘बेली पूल’ सॅपर्सनी टाकले. त्यातली एक चौकट १० फूट लांब, ५ फूट उंच आणि सुमारे २६० किलो वजनाची असे. ती उचलायला सहा जण लागत. आजोबा अशा चौकटींबद्दल, त्या जोडायच्या खिळीबद्दल, नदीच्या थंड पाण्याबद्दल किंवा खांद्यावरच्या वणाबद्दल काही बोलत असत का, असे आजीला विचारावे. ‘युद्धाबद्दल सांग’ असे म्हटले तर माणूस गप्प होतो. ‘ते घरी आले तेव्हा पेटीत काय काय होतं?’ असे विचारले तर बोलू लागतो. छायाचित्र आजीच्या हातात द्यावे, मोबाइलवर तिचा आवाज मुद्रित करावा आणि ती ‘त्या सफरमैनामा व्हतात’ असे अहिराणीत बोलली तर ते तसेच लिहून घ्यावे, प्रमाण मराठीत बदलू नये. शब्द बदलला की पुष्कळदा अर्थही निसटतो. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नये.

कागदावर कंपनीचा क्रमांक सापडला तर पुढची वाट बरीच मोकळी होते. महायुद्धात प्रत्येक तुकडी आपली रोजनिशी ठेवत असे आणि अशा रोजनिश्या लंडनमधील क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कोणत्या दिवशी कोणत्या नदीवर पूल टाकला, हेही त्यांत मिळू शकते. सेवेच्या नोंदींसाठी सैन्य क्रमांक आणि पूर्ण नाव देऊन खडकीच्या अभिलेख कार्यालयाला लेखी अर्ज करावा. अर्ज कसा करायचा याचे मार्गदर्शन जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घ्यावे. मूळ वस्तू तूर्त घरीच ठेवाव्यात, पण कागदाची, छायाचित्राची आणि आजीच्या मुलाखतीची एक प्रत खडकीच्या बॉम्बे सॅपर्स संग्रहालयाला देऊ करावी आणि दुसरी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला. १९२७ पासून खानदेशाची कागदपत्रे सांभाळणाऱ्या या मंडळात सनदा-बखरींच्या शेजारी पारोळ्याच्या एका सॅपरची हकिकत असावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या माजी सैनिक चुलत्यांच्या सामानात डब्यासारखी एक जड, गंजलेली लोखंडी वस्तू आहे. ती जुना सुरुंग असावी, असे सगळे म्हणतात. ती शाळेतील प्रदर्शनात ठेवता येईल का?
— एक शिक्षक, शिरपूर (जि. धुळे)

उत्तर : नाही. ती वस्तू हलवू नये, उघडू नये, गंज खरवडू नये आणि दाखवण्यासाठी कोणाच्या हातातही देऊ नये. जुनी स्फोटके वर्षांनुवर्षे पडून राहिल्याने निकामी होतात, ही समजूत चुकीची आहे. काही स्फोटके उलट अधिक नाजूक होतात. खोली बंद करून मुलांना दूर ठेवावे आणि ११२ वर पोलिसांना कळवावे, म्हणजे बॉम्बशोधक पथक येऊन तपासणी करील. प्रदर्शनात चुलत्यांचे छायाचित्र, त्यांच्या सेवेची हकिकत आणि मुलांनी पुठ्ठ्याचा केलेला बेली पूल ठेवावा.