पोरगं रात्रभर डीएनएची चित्रं काढतंय, थांबवू का?

प्रश्न: मुलगा कोल्हापुरातच ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग) तिसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.८. रात्र रात्र डीएनएच्या अक्षरांचे रंगीत पट्टे काढत बसतो, यातच पुढं शिकणार म्हणतो. अकरावीलाच बायोलॉजी सोडलीय. शेवटी लॅपटॉप काढून घेतला, दिवाळीपर्यंत प्लेसमेंट का एमपीएससी ते सांग म्हटलं. भावकीतली सगळी पोरं नोकरीला लागली. काय करावं? – एक पालक, उद्यमनगर

उत्तर: दादा, ७.८ ला काय धाड भरलीय? मार्कांचं सोडा. मला खटकलं ते भावकीचं वाक्य, आणि त्याहून जास्त लॅपटॉपचं. अहो त्याचं सबमिशन, प्रोजेक्ट सगळं त्याच्यावरच असणार, तो आज संध्याकाळी परत द्या, मग पुढचं बोलू. आणि एवढ्या मोठ्या पत्रात तो नेमकं काय करतोय हे तुम्ही त्याला विचारल्याची एक ओळ नाही. भावकीत काय सांगायचं ही अडचण तुमची आहे, त्याची नाही. ती त्याच्या डोक्यावर ठेवून वर दिवाळीची तारीख दिली तर तो घाबरून काहीतरी एक बोलेल आणि तुम्ही त्याला निर्णय समजाल.

आता बायोलॉजीचं. ती सोडली म्हणजे दार बंद, हा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. उद्यमनगरात राहता म्हणजे हे पटकन कळेल, लेथचं बेअरिंग गेलंय हे मिस्त्री मशीन न खोलता नुसत्या आवाजातल्या ठोक्यावरून ओळखतो की नाही, पोरगं तेच करतंय, फक्त आवाजाच्या जागी ए, सी, जी, टी ही अक्षरं. प्रोटीन बनवणाऱ्या भागात ही अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचली जातात आणि त्या तीन जागांवर सगळी अक्षरं सारखी पडत नाहीत, म्हणून फूरिए ट्रान्सफॉर्म (कुठला ठोका किती जोरात येतो ते काढायचं गणित) घेतला की बरोबर एक-तृतीयांश फ्रिक्वेन्सीला, म्हणजे दर तीन अक्षरांमागे एका ठोक्याला, ग्राफवर टोक उभं राहतं. बाकीच्या भागात ते सहसा दिसत नाही. ह्याच टोकावरून जीन (म्हणजे हेच प्रोटीन बनवणारे भाग) शोधायची पद्धत १९९७ साली दिल्लीच्या जेएनयूतल्या मंडळींनी छापली, त्यात राम रामस्वामी होते, ते तेव्हा तिथं फिजिकल सायन्सेसचे प्राध्यापक होते. म्हणजे पोरगं कॉलेजात शिकतं तेच डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) वापरतंय, अभ्यास सोडून काही करत नाहीये. लागेल तेवढी बायोलॉजी पुढं शिकता येते.

पण पोराला पण दोन शब्द ऐकवायचेत, हे त्याला वाचून दाखवा. बाळा, रंगीत पट्टे सुंदर दिसतात म्हणून त्यात अर्थ असतोच असं नाही, डोळ्याला ढगात पण हत्ती दिसतो. ए ला १, सी ला २, जी ला ३, टी ला ४ असे आकडे दिले असशील तर टी हा ए च्या चौपट झाला, डीएनएत असलं काही नसतं, तो पॅटर्न तूच घातलास. चार अक्षरांच्या चार वेगळ्या शून्य-एकच्या ओळी कर, ते अक्षर असेल तिथं एक, नसेल तिथं शून्य. माणसाच्या डीएनएवर लगेच उडी मारू नकोस, तिथं जीन तुकड्या-तुकड्यात असतात आणि छोट्या तुकड्यात ते टोक गोंगाटात बुडतं. फाय-एक्स-१७४ हा व्हायरस घे, ५,३८६ अक्षरंच आहेत, जेनबँक या डीएनएच्या ऑनलाइन साठ्यात फुकट मिळतो. आणि नुसत्या चित्रांवर नोकरी कुणी देत नाही, स्टॅटिस्टिक्स आणि पायथॉन पक्कं पाहिजे, नाहीतर हा छंदच राहील.

परीक्षांचं म्हणाल तर गेट द्यायची, ट्रिपल आयटी दिल्लीला कम्प्युटेशनल बायोलॉजीचं एमटेक आहे, पुणे विद्यापीठात बायोइन्फॉर्मेटिक्स आहे, पात्रता त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. कॅम्पसला पण बसू दे, त्यात कुठं काय आड येतंय. एमपीएससी मात्र त्याच्या तोंडून आली तरच.

पुढचं पत्र त्याला लिहू दे. सोबत दोन ग्राफ पाठव म्हणावं, एक त्या व्हायरसचा आणि एक त्याचीच अक्षरं पत्त्यांसारखी पिसून काढलेला. दुसऱ्यातही टोक तसंच दिसलं तर कोडमध्ये कुठंतरी घोळ आहे, आधी तो शोध म्हणावं.