भरलेली बाटली

"मॅडम, केंद्र चांगलं आहे. मग ही घरी आली की रोज का रडते?"

आठ वर्षांच्या मुक्ताची आई (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही) माझ्याकडे सल्ल्यासाठी आली आणि खुर्चीत टेकायच्या आतच बोलायला लागली. शाळा साडेतीनला सुटते, आईबाबा सातला घरी पोचतात. मधला वेळ मुक्ता शाळेनंतर मुलं सांभाळणाऱ्या एका मोठ्या केंद्रात असते. तिथे गृहपाठ करून घेतात, शिवाय अबॅकस आणि चित्रकला. आणि घरी आली की मोजा पटकन निघत नाही एवढ्यावरून भोकाड. नवरा म्हणतो केंद्र बदल, सासूबाई म्हणतात नोकरी सोड.

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मीच कुठेतरी कमी पडतेय."

नुसत्या रडण्यावरून केंद्राला दोष देता येत नाही, हे मी तिला आधी सांगितलं. शाळेत मूल दिवसभर स्वतःला आवरून असतं. बोलावंसं वाटलं तरी तोंड मिटून, मैत्रीण रुसली तरी डोळे कोरडे ठेवून. घरी आपलं माणूस दिसलं की तो बांध फुटतो. आईचे खांदे सैल झाल्यासारखे वाटले. मी तिथेच थांबले असते तर चुकले असते.

मुक्ताला मी कागद दिला आणि शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंतचं चित्र काढायला सांगितलं. तिने एक लांब टेबल काढलं, मुलांच्या पाठी काढल्या, टोकाला स्वतःला. भिंतीवर घड्याळ, तेही टेबलाएवढं. चित्र काढताना तिची पाण्याची बाटली मांडीवर होती. काठोकाठ भरलेली. संध्याकाळचे सहा वाजले होते.

"पाणी नाही प्यायलीस?"

"प्यायलं की शूला लागते."

"मग जायचं."

"गृहपाठ झाल्याशिवाय उठायचं नाही. माझा सगळ्यात शेवटी होतो."

कोणी मारत नव्हतं, ओरडतही नव्हतं. सगळ्या बाबतीत चोख असलेल्या जागेत एक मूल रोज दोन-अडीच तास तहान मारून बसत होतं.

आईला म्हटलं, न्यायला जाता त्या वेळेला नको, एकदा चार वाजता न कळवता जाऊन या. ती गेली. एकोणीस मुलं आणि एकच ताई. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांचे निकष ६ ते ८ वर्षांच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस असावं म्हणतात. संचालकांना विचारलं तर उत्तर आलं, "पालकांनाच गृहपाठ संपलेला हवा असतो." तिला आठवलं, प्रवेश घेताना तिचाही पहिला प्रश्न तोच होता. हे सांगताना ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं.

मग आम्ही मुक्ताचा दिवस कागदावर मांडला. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते. मुक्ताच्या वाट्याला शाळेच्या सुट्टीतली वीस मिनिटं, तीही डबा खाऊन उरलेली. (रंगीबेरंगी वेळापत्रक दिसलं की मी आधी त्यातली रिकामी चौकट शोधते. बहुतेकदा सापडत नाही.)

दुसऱ्या दोन जागा बघताना प्रश्न बदलले. पहिल्या अर्ध्या तासात मुलं काय करतात? मूल उठून न विचारता बाथरूमला जाऊ शकतं का? ताई आजारी पडली तर कोण? न्यायला दुसरं कोणी आलं तर खात्री कशी करता? या शेवटच्या प्रश्नावर एका ठिकाणी "आम्ही चेहरे ओळखतो" असं उत्तर मिळालं. ती जागा तिथेच बाद.

मुक्तालाही नेलं. तिने विचारलेला प्रश्न आम्हा दोघींना सुचलाच नव्हता: "इथे नुसतं बसलं तर चालेल?" तिथल्या काकू म्हणाल्या, "चालेल की, पाय वर घेऊन बस." जागा लहान, भिंतींचे पोपडे निघालेले, गृहपाठाची हमी नाही. आई आठवडाभर घुटमळली. मीही तिला घाई केली नाही, कारण रात्री गृहपाठाला बसायचं ते तिलाच.

दोन महिन्यांनी फोन आला. गृहपाठ अर्धाच होऊन येतो, त्यावरून घरी कुरबुर आहे. मोज्यावरचं रडणंही आठवड्यातून एखाद्या दिवशी असतंच. बाटली रिकामी येते. गेल्या आठवड्यात तर झाकणच हरवून आली.