फोन वाजतो तेव्हा

"मावशी, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात होस्टेलला राहते. फोन आला की मी तो वाजू देते आणि थांबला की 'बोल' असा मेसेज टाकते. आईलासुद्धा. परवा रूममेटशी पंख्यावरून भांडण झालं, तेही शेजारशेजारच्या कॉटवर पडून टाइप करून. दहावी ऑनलाइन झाली तेव्हापासून हे असंच आहे. नाशिकला दोन खोल्यांत आम्ही पाच जण होतो. पुढच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यू आहेत. माझं काही बिघडलंय का? – म्यूट"

प्रिय म्यूट,

पंख्याचं वाचून आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. शेवटी पंखा कितीवर ठेवलात ते मात्र लिहिलं नाहीस.

तुझं काही बिघडलेलं नाही. तू २०२१ची दहावी, म्हणजे परीक्षाच न होता ९९.९५ टक्के निकाल लागलेली बॅच. 'कोरोना बॅच' म्हणून लग्नाकार्यात टोमणेही ऐकले असशील. पुढे अकरावीच्या सीईटीचा अभ्यास सुरू केलात, तर ऑगस्टमध्ये हायकोर्टाने तीही रद्द केली. मार्कांचं जाऊ दे. त्या वर्षी रोज कानावर काय पडत होतं ते आठव. माइक बंद ठेवा. नेट पुरत नसेल तर कॅमेराही बंद करा. समजलं त्यांनी चॅटमध्ये 'यस' टाका. बोलली ती मुलगी वर्गाला त्रास देणारी, गप्प बसली ती शहाणी. तू शहाण्यासारखी वागलीस.

त्यात दोन खोल्यांत पाच माणसं. लॉकडाउनमध्ये मैत्रिणीशी मनातलं बोलायचं कुठे? संडासात नळ सोडून? टाइप करणं हीच तुझी कडी लावता येईल अशी खोली होती. 'मोबाइलने पोरं बिघडवली' म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही. त्यांच्यातल्या कितीजणांना पंधराव्या वर्षी स्वतःची खोली होती कोण जाणे.

आता अडचण एवढीच की टाइप केलेलं खोडता येतं, बोललेलं नाही. त्याची धास्ती बसलीय. तेव्हा जिथे चुकलं तरी कुणाचं काही जात नाही, तिथून सुरू कर. मेसवाल्या काकूंना फोन कर, 'आज डबा नको.' संपलं. हवं तर पहिलं वाक्य कागदावर लिहून घे, मी अजून बँकेत फोन करताना लिहिते. इंटरव्ह्यूत अडकलीस तर 'जरा विचार करून सांगते' म्हण. याला कुणी मार्क कापत नाही. रूममेटशी भांडण मात्र यापुढे तोंडाने.

छातीत धडधडून लेक्चर बुडायला लागली तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेट, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. हो, तिथेही फोनच करावा लागतो, माझा नाइलाज आहे.

आणि आई. तुझा 'बोल' वाचायला ती आधी चष्मा शोधत असेल. आज तिचा फोन आला की उचल. काही सुचलं नाही तर भाजी काय केलीस ते विचार, पुढचं ती बोलेल.

– तुझी मावशी